सोमवार-गुरुवारचे आरसे

१

सातवी तक्रार बुधवारी सकाळी नऊला आली आणि तिच्या पाठोपाठ बाजारवाल्यांचं पत्र.

थोरलीने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला, भुसा झटकला आणि फोन उचलला. लिहिणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांनी तक्रारही निबंध तपासावा तशी लिहिली होती.

“आरसा चांगला आहे, त्याबद्दल बोलणं नाही. कुरियरचे पैसे मी ऑर्डर देतानाच भरले होते. तरी दारात आलेल्या माणसाने वजन जास्त भरलं म्हणून आणखी पैसे मागितले आणि ते हातात पडेपर्यंत खोकं सोडलं नाही. वेबसाइटवर शिपिंग कमी दाखवून गिऱ्हाईक ओढायचं आणि दारात कापायचं, याला लबाडी म्हणतात. चाळीस वर्षं शाळा चालवली आहे मी. लबाडी मला वासावरून कळते.”

खाली पुरावा म्हणून खोक्याचे चारी बाजूंनी काढलेले फोटो होते.

मग तिने पत्र उघडलं. ज्या ऑनलाइन बाजारात त्यांचं दुकान होतं, त्या बाजारवाल्यांनी थोडक्यात कळवलं होतं की सहा आठवड्यांत शिपिंगच्या खर्चावरून सात तक्रारी आल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत समाधानकारक खुलासा आला नाही, तर दुकान बंद करण्यात येईल.

थोरली मटकन स्टुलावर बसली. हातात उरले होते जेमतेम अडीच दिवस.

घराच्या तळमजल्यावरची ती मोठी खोली म्हणजेच त्यांचा कारखाना, दुकान आणि गोदाम. लाकडी चौकटीतले आरसे हा त्यांचा माल. चौकटी करायची कला मूळची सासऱ्यांची. थोरलीने ती त्यांच्या हाताखाली बसून उचलली होती. तिचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. दीर वेबसाइट बघायचा आणि धाकटी, म्हणजे दिराची बायको, मालाची बांधाबांध करायची. तीन महिन्यांपूर्वी सासरे जिन्यावरून पडले, पायाचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाचं लक्ष अर्धं त्यांच्याकडे आणि अर्धं कामाकडे होतं.

कामाची रीत साधी होती. आरसा तयार झाला की खोक्यात बांधायचा, काट्यावर ठेवायचा, वजन वहीत लिहायचं. तोच आकडा दीर वेबसाइटवर टाकायचा आणि गिऱ्हाईक कुठे राहतं त्यावरून शिपिंगचे पैसे आपोआप ठरायचे. पुढे कुरियरच्या गोदामात प्रत्येक खोकं पुन्हा मोजलं जाई. तिथे वजन जास्त भरलं की फरक गिऱ्हाइकाच्या दारात वसूल.

थोरलीने वही ओढली आणि सातही आरसे शोधून काढले. पहिली नोंद बघितली, दुसरी बघितली. तिसरीला तिचं बोट थबकलं. चौथी, पाचवी, सहावी, सातवी तिने भराभर बघितली.

सातही आकडे एकाच हाताने लिहिले होते. गोल, टपोरं, शाळकरी अक्षर. धाकटीचं.

२

“मामा, तुम्ही या. आत्ताच्या आत्ता या.”

मामा म्हणजे थोरलीच्या आईचे भाऊ. वजनमापे खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक होते. बाजारात शिरले की दुकानदार तराजूखाली चिकटवलेला चुंबक काढून खिशात टाकायचे आणि “या या, काटेमामा” म्हणून हसायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरातली साखरेची पिशवी ते अजून हातात तोलून बघत.

मामा जेवणवेळेच्या आधीच हजर झाले. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पितळी वजनांची लाकडी पेटी. चहा नको म्हणाले, पाणी प्यायले आणि सरळ काट्यापाशी गेले.

खोलीच्या मधोमध बांधाबांधीचं लांबलचक टेबल होतं. त्याच्या एका अंगाला काटा स्क्रूने पक्का बसवलेला, आकडा दिसायला पुढच्या बाजूला छोटा खांब. मामांनी चष्मा पुसला, पेटी उघडली आणि एकेक वजन चिमट्यात धरून काट्यावर ठेवलं. अर्धा किलो, एक, दोन, पाच. मग काट्याच्या चारी कोपऱ्यांवर आलटूनपालटून. हे सगळं इतक्या सावकाश चाललं होतं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

“काटा चोख आहे,” शेवटी ते म्हणाले. “एका ग्रॅमचीही खोट नाही.”

“काटा खोटा असता तर बरं झालं असतं,” थोरली हळूच म्हणाली. “मामा, काटा खरा म्हणजे लिहिणारं माणूस खोटं. सातही आकडे तिने लिहिलेत.”

“कुणी?”

थोरलीने वर जिन्याकडे नजर टाकली. धाकटी वरच्या मजल्यावर सासऱ्यांना खायला देत होती.

“हं. आणि कमी वजन लिहून तिला काय मिळतं?”

मामांनी बोटांवर हिशेब मांडला.

“दारात जास्तीचे पैसे घेतो कुरियरवाला, छापील पावती देऊन. ते जातात कुरियरच्या गल्ल्यात. या घरात त्यातला छदाम येत नाही. ज्यात कुणाचाच फायदा नाही अशी लबाडी मी अठ्ठावीस वर्षांत बघितली नाही. दाखव ते फोटो.”

सात गिऱ्हाइकांनी पाठवलेले खोक्यांचे फोटो मामांनी बोटांनी मोठे करकरून बघितले. दोनदा मागे गेले.

“हे काय गं, पांढरं?”

खोक्याच्या एका अरुंद बाजूला, खालच्या कडेला, पुसटशी पांढरी रेघ होती.

“गाडीत कशाला तरी घासलं असेल.”

“सातही खोकी घासली? वेगवेगळ्या सात गावांना जाताना, वेगवेगळ्या गाड्यांत, नेमकी त्याच कडेला?” मामांनी फोन परत दिला. “आणि सातही मोठेच आरसे. छोट्या आरशांची एकही तक्रार नाही ना?”

“नाही.”

“जे गिऱ्हाईक सगळ्यात आधी भांडलं, त्याला फोन लाव. पावतीवर वजन काय लिहिलंय ते विचार.”

पहिली तक्रार दातांच्या एका डॉक्टरांची होती. थोरलीने फोन स्पीकरवर टाकला आणि चाचरत आपली ओळख दिली.

“अहो, ते मिटलं की!” डॉक्टर दिलखुलास हसले. “फरकाचे पैसे तुमच्याकडच्या बाईंनी कधीच परत पाठवले. तक्रार मागे घ्यायची राहूनच गेली माझ्याकडून.”

“कुठल्या बाईंनी?”

“नाव नाही सांगितलं. पण आवाज तरुण होता. आणि हो, एक विनंती केली होती त्यांनी.” डॉक्टर जरा घुटमळले. “म्हणाल्या, मोठ्या जाऊबाईंच्या कानावर घालू नका.”

३

थोरलीला त्याच पावली वर जाऊन जाब विचारायचा होता. मामांनी छत्रीची मूठ आडवी धरली.

“आधी बाकीचे. ज्याच्यावर संशय आहे त्याला सगळ्यात शेवटी विचारायचं. नाहीतर बाकीच्यांचं आपण नीट ऐकतच नाही.”

दीर कॉम्प्युटरमागून उठून आला तोच हात वर करून. “माझ्याकडे बघू नका, वहिनी. वहीत जे असतं तेच मी टाकतो.”

“दीड महिन्यापूर्वी काही बदल केलास?” मामांनी विचारलं.

दिराने मान खाजवली. “कुरियरचे नवे दर टाकले. पण ते सगळ्याच आरशांना लागू आहेत, मामा. त्यात चूक असती तर सगळ्याच मालाच्या तक्रारी आल्या असत्या.”

“बरोबर. अजून काय बदललं घरात? कामाचंच असं नाही, काहीही सांग.”

“पार्सल न्यायला नवा माणूस येतो. बाबांचे व्यायाम सुरू झाले, सोमवारी आणि गुरुवारी व्यायामवाल्या ताई येतात. खिडकीच्या भिंतीला मी चुना लावला, ओल आली होती म्हणून. बास. अहो, आम्हाला दुसरं काही करायला वेळ आहे कुठे?”

दुपारी गाडीचा हॉर्न वाजला. पार्सलवाला आला तो आपल्यावर आळ येणार हे ओळखूनच. बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

“साहेब, मी फक्त उचलतो आणि गोदामात नेऊन टाकतो. मधे खोकं उघडलं तर नोकरी जाईल माझी. आणि समजा वजन वाढवलंच, तर कशाने वाढवू? दगड भरून? दगड निघाला असता की गिऱ्हाइकाच्या खोक्यात!”

मामांना ते पटलं असावं, कारण त्यांनी त्याला पाणी विचारलं. तो गेल्यावर ते वही आणि कुरियरच्या पावत्यांची फाइल घेऊन बसले. बराच वेळ कागदांचीच सळसळ ऐकू येत होती. मधेच त्यांची पेन्सिल पडली. ती उचलायला ते वाकले आणि चांगली दोन मिनिटं फरशीकडेच बघत राहिले.

“पार्सलवाला सुटला,” उठत ते म्हणाले. “ही खोकी गेली वेगवेगळ्या वारी. कुणी मंगळवारी, कुणी शनिवारी. त्याच गाडीतून, त्याच गोदामात, तुझ्या हातचे मोठे आरसेही गेले आणि त्यांचं वजन तंतोतंत जुळलं. म्हणजे गाडीचा दोष नाही आणि गोदामातल्या काट्याचाही नाही. जे काही होतंय ते याच खोलीत, वजन करतानाच.” त्यांनी वहीवर बोट टेकलं. “आणि ही सातही वजनं झालीत सोमवारी नाहीतर गुरुवारी. तू कुठे असतेस त्या दिवशी?”

“काचवाल्याकडे आणि वखारीत. सकाळी नऊला निघते ती दोनपर्यंत. ते दोन दिवस बांधाबांध तीच करते.” थोरलीचा आवाज चढला. “आता तरी बोलवू तिला?”

बोलवायची गरज पडली नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धाकटी उभी होती, हातात रिकामी वाटी. चेहरा कापसासारखा पांढरा.

“मीच केलंय, ताई,” ती म्हणाली.

४

ती खाली बसली तीच रडायला लागली. दीर गोंधळून एकदा बायकोकडे, एकदा वहिनीकडे बघत होता.

“काय केलंस?” मामांनी विचारलं. आवाज साखरेचं पोतं तपासावं तितका शांत.

“चुकते मी. कुठे चुकते तेच कळत नाही.” तिने डोळे पुसले. “पहिली तक्रार आली तेव्हा वाटलं, आकडा उलटसुलट वाचला असेल. दुसऱ्या वेळेपासून मी दोनदोनदा वाचायला लागले. मोठ्याने म्हणून मग लिहायचे. तरी तिसरी तक्रार आली. डोळे तपासून आले, चष्मा नको म्हणाले. मग वाटलं माझं डोकंच ठिकाणावर नाही. माझ्या आजोबांना शेवटी आकडे कळेनासे झाले होते... मला वाटलं, मलाही...”

“आणि डॉक्टरांना पैसे?”

“त्यांना आणि त्यांच्यानंतरच्या दोघांना. माझ्याकडचे होते तेवढे. पुढे पुरेनात.” ती थोरलीकडे वळली. “ताई, तुम्ही हे दुकान शून्यातून उभं केलंत. माझ्यामुळे बुडालं असं कसं सांगणार होते तुम्हाला? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. मला बांधाबांधीतून काढा. मी भांडी घासेन, बाबांचं करेन, पण काट्यापाशी नका उभं करू.”

थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला. सकाळपासून जिच्यावर मनातल्या मनात ती दात-ओठ खात होती, ती दीड महिना एकटीच आतल्या आत जळत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आपण समोर बसून जेवलो रोज. एकदाही हिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कशी दिसली नाहीत?

“तीन मुद्दे आहेत माझे,” मामा म्हणाले. रडणं बघून ते जरा अवघडले होते आणि अवघडले की ते खात्यातल्यासारखे बोलत. “या सात आरशांत फरक किती आला? कुठे सहाशे ग्रॅम, कुठे आठशे, एकात पार किलोच्या वर. जेवढा आरसा मोठा तेवढा फरक मोठा. आकडा वाचायला चुकणारं माणूस असं मापात चुकत नाही, पोरी. ते कधी जास्त लिहील, कधी कमी. तू प्रत्येक वेळी कमीच लिहिलंस.”

धाकटीने मान वर केली.

“दुसरं. गेली दोन वर्षं सोमवारी आणि गुरुवारी तूच वजन करतेस. दीड महिन्यापूर्वीपर्यंत एकही तक्रार नाही. आणि तिसरं.” त्यांनी वहीचं एक पान उघडून टेबलावर पसरलं. “चार आठवड्यांपूर्वीचा हा शनिवार. अक्षर कुणाचं?”

“हिचं,” थोरली वाकून म्हणाली. “त्या दिवशी मला ताप होता.”

“दोन मोठे आरसे मोजलेत हिने त्या दिवशी. आणि ही कुरियरची पावती. ग्रॅमला ग्रॅम जुळतंय. म्हणजे हीच बाई शनिवारी चोख आणि सोमवारी खोटी. दोष माणसात नाही. दोष वारात आहे.”

“वारात?” दीर म्हणाला. “मामा, वजनाला वार काय कळतोय?”

“तेच उद्या बघायचंय. उद्या गुरुवार.” त्यांनी नुकतंच बांधलेलं एक मोठं खोकं काट्यावर ठेवायला सांगितलं. आकडा स्थिर झाला. चार किलो सहाशे. मामांनी चिकटपट्टीच्या प्रत्येक जोडावर आडवी सही ठोकली.

“याला रात्रभर कुणी हात लावायचा नाही. आणि तू,” ते थोरलीला म्हणाले, “उद्या काचवाल्याकडे जायचं नाहीस. इथे बसायचं. फक्त बघायचं. बोलायचं नाही.”

५

गुरुवारी थोरली कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आपल्याच कारखान्यात पाहुण्यासारखं बसायची तिला सवय नव्हती. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवावे लागले.

साडेनऊला व्यायामवाल्या ताई आल्या. दणकट बाई, बोलणं गाडीच्या वेगाने. सासरे काठी टेकत टेकत खाली उतरले आणि मामांना बघून खूश झाले.

“या, बघा आमचा छळ. पाय वर करा म्हणते. मी म्हणतो, पाय वर गेला की माणूस आडवा होतो!”

“आजोबा, गप्पा नंतर. आधी जागा.”

ताईंनी आणि दिराने मिळून खोली मोकळी केली, सतरंजी अंथरली, सासऱ्यांना आडवं केलं. “एक, दोन, तीन, धरा, सोडा.” खोलीच्या दुसऱ्या अंगाला धाकटीने नेहमीसारखं काम सुरू केलं. तिने दोन छोटे आरसे मोजले, वहीत लिहिले.

“आता ते कालचं,” मामा म्हणाले.

धाकटीने आणि थोरलीने मिळून खोकं उचललं. मामांनी एकेक सही निरखली. सगळ्या जशाच्या तशा. पट्टीला सुरकुतीही पडली नव्हती. धाकटीने खोकं काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचायच्या आधीच डोळे मिटून घेतले.

“तू वाच,” मामा थोरलीला म्हणाले.

थोरलीने वाचलं. पुन्हा वाचलं. खाली वाकून, खांबाला नाक लावून वाचलं.

“तीन किलो नऊशे.”

“मोठ्याने.”

“तीन किलो नऊशे! मामा, काल चार सहाशे होतं. खोकं बंद आहे, सह्या शाबूत आहेत. सातशे ग्रॅम गेले कुठे?”

सासऱ्यांचा पाय हवेत तसाच राहिला. धाकटीने डोळे उघडले आणि आकड्याकडे बघितलं. मग थोरलीकडे. हा आकडा तिने वाचलाच नव्हता.

“म्हणजे मी नाही?” ती पुटपुटली.

“नाही,” मामा म्हणाले. “पण चोर याच खोलीत आहे.”

६

मामा काट्यावरचं खोकं न हलवता टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. पण पलीकडे पूर्ण जाता येईना, कारण पलीकडे भिंत होती.

“काल मी आलो तेव्हा हे टेबल कुठे होतं?”

“मधोमध,” दीर म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याचं तोंड उघडं राहिलं.

“आणि आज?”

“खिडकीपाशी. सतरंजीला जागा व्हावी म्हणून आम्ही सरकवतो आणि व्यायाम झाला की परत मधे आणतो. पण मामा, काटा तर टेबलावरच आहे ना, स्क्रूने बसवलेला. तो हलत नाही.”

“काटा हलत नाही. टेबल हलतं.” मामांनी वहीतला एक कोरा कागद फाडला आणि खोक्याच्या खालून पलीकडच्या कडेला सरकवायला सुरुवात केली. मधे कागद सळसळत गेला. कडेला आला आणि अडकला. ओढला तर फाटला.

“ये इकडे. माझ्या शेजारी येऊन बघ.”

थोरली भिंतीला गाल टेकवून वाकली. खिडकीखाली, भिंतीतून दोन बोटं पुढे आलेली दगडी पट्टी होती. जन्मापासून त्या घरात असलेल्या दिरानेही कधी तिचा विचार केला नसेल. मोठ्या खोक्याची पलीकडची कड त्या पट्टीवर अलगद टेकली होती. काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ते दिसायची सोयच नव्हती. समोर होतं ते खोकं, आणि डोळ्यांवर खिडकीचा उजेड.

“खोक्याचा बराचसा भार काट्याच्या खांद्यावर, थोडा भिंतीच्या,” मामा म्हणाले. “काटा बिचारा आपल्या वाट्याचं तेवढं खरं सांगतो. छोटं खोकं पट्टीपर्यंत पोचतच नाही, म्हणून त्याचं वजन बरोबर. आरसा जितका मोठा तितका तो भिंतीवर जास्त रेलणार, म्हणून फरकही जास्त. आणि ती पांढरी रेघ...”

“चुना!” दीर कपाळावर हात मारून म्हणाला. “मीच लावला. पट्टीचा चुना हाताला लागतो अजून.”

“तुझा चुना सात गावांना गेलाय. फरशीवर टेबलाच्या पायांचे ओरखडे आहेत, इथून तिथपर्यंत. ते काल बघितले तेव्हा मला निम्मं कळलं होतं. पण निम्म्या वजनावर मी कधी कुणाला दंड केला नाही. म्हणून आजपर्यंत थांबलो.”

थोरलीने खोकं स्वतः उचललं, टेबल वीतभर मागे ओढलं आणि खोकं पुन्हा ठेवलं. आकडा थरथरला आणि थांबला. चार किलो सहाशे.

धाकटी त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने एवढा मोठा श्वास सोडला की व्यायामवाल्या ताईसुद्धा म्हणाल्या, “हां, असा श्वास सोडायचा, आजोबा!”

“मी दोन वेळा म्हणालो होतो,” सासरे सतरंजीवरून कुरकुरले, “टेबल भिंतीला घासतंय म्हणून. पण आडव्या माणसाचं ऐकतो कोण!”

पहिली हसली ती धाकटी. हसता हसता पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. थोरलीने तिला जवळ ओढलं. मग धाकटीच्या केसांतले थर्मोकोलचे दाणे वेचत राहिली.

७

दुपारी सगळे त्याच टेबलाभोवती बसले. टेबल आता मधोमध होतं आणि मामांनी त्याच्या पायांभोवती खडूने रेघा ओढल्या होत्या. यापुढे सतरंजी वरच्या गच्चीत.

“खुलाशात काय लिहू?” दीर कीबोर्डवर बोटं ठेवून बसला. “तांत्रिक कारणाने, असं लिहू?”

“नको,” थोरली म्हणाली. “झालं तेच लिही. लोक पैशापेक्षा फसवलं गेल्यामुळे चिडलेत. त्यांना काय घडलं ते कळू दे.”

तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं. घरातल्या आजोबांच्या व्यायामासाठी टेबल सरकवलं जायचं, खोकं खिडकीच्या पट्टीवर टेकायचं, आमचा आकडा कमी यायचा आणि भुर्दंड तुम्हाला पडायचा. वजन करणारी माझी धाकटी जाऊ तर आपलंच डोकं बिघडलं असं समजत होती. चूक आमची. दारात दिलेला फरक आज परत करत आहोत, पावती मागत नाही. यापुढे वजन दोघीजणी करतील आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो तुमच्या ऑर्डरसोबत येईल. तरीही दारात कुणी जास्त मागितलं तर पैसे देण्याआधी आम्हाला फोन करा, कुरियरशी आम्ही भांडू. सोबत पट्टीवर टेकलेल्या खोक्याचा फोटो जोडला. सात पत्रं सात जणांना गेली आणि आठवं बाजारवाल्यांना, वहीच्या पानांसकट.

तीन जणांना धाकटीने आधीच पैसे दिले होते. तेवढे थोरलीने तिच्या हातात कोंबले. ती नको नको म्हणत होती.

“घे मुकाट्याने. आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर बघ.”

“नाही लपवणार, ताई.”

“मलाही जरा विचारायला शिकलं पाहिजे,” थोरली म्हणाली. “काल सकाळी वहीत तुझं अक्षर दिसलं आणि मी मनात तुला चोर ठरवून मोकळी झाले. त्याबद्दल तू मला दोन शब्द सुनाव.”

धाकटीने विचार केला. “नंतर सुनावते,” ती म्हणाली. “आज अंगात त्राण नाही.”

शुक्रवारी उत्तरं येऊ लागली. डॉक्टरांनी आणि आणखी चौघांनी सकाळीच तक्रारी मागे घेतल्या. एकाने काही लिहिलं नाही. तीन वाजून गेले तरी मुख्याध्यापिकाबाईंचा पत्ता नव्हता आणि थोरलीचं एका चौकटीचं पॉलिश तीनदा करून झालं होतं. साडेतीनला फोन वाजला.

“तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, त्या सुधारून परत पाठवल्या आहेत. बाकी हकीकत खरी वाटते, कारण इतकी बावळट गोष्ट कुणी रचून सांगणार नाही. तक्रार मागे घेतली आहे. जिने वजन केलं त्या मुलीला सांगा, डोकं शाबूत आहे.”

चार वाजून दहा मिनिटांनी बाजारवाल्यांचं पत्र आलं. खुलासा मान्य. दुकान चालू राहील.

दीर ओरडला. सासऱ्यांनी वरून काठी आपटून काय झालं ते विचारलं. मामांनी “ठीक” एवढंच म्हटलं आणि पितळी वजनं पेटीत एकेक करून नीट बसवायला घेतली. थोरली जिना चढून वर गेली. दोन दोन पायऱ्या एकदम. दोन दिवस छातीवर कुणीतरी घण ठेवला होता तो आत्ता उतरला होता.

धाकटीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. भर दुपारी ती गाढ झोपली होती, आडवीतिडवी, एक पाय पलंगाबाहेर, तोंड अर्धवट उघडं. खिडकीतून गाड्यांचे हॉर्न येत होते. तिला कशाचा पत्ता नव्हता.

“उठवू का?” मागून दीर कुजबुजला. “सांगू दे ना मला.”

“नको,” थोरली म्हणाली. “झोपू दे तिला. बातमी कुठे जात नाही.”

आणि तिने दार आवाज न करता ओढून घेतलं.